फाटकाबाहेरचा माणूस

बँकॉकच्या जुन्या राजवाड्याची भिंत पांढरी आणि लांबच लांब आहे. तिच्या कडेने चालत गेलं की पर्यटकांसाठीचं फाटक येतं. सकाळचे साडेनऊ झाले होते आणि ऊन आत्ताच यवतमाळच्या मे महिन्यासारखं लागत होतं. माझ्यासोबत माझे मावसभाऊ होते. नेर तालुक्यातले, कापूस आणि तूर करणारे, आयुष्यात पहिल्यांदा देशाबाहेर पडलेले. आम्हा दोघांच्याही पाठीवर सॅक. फाटक अजून दोनशे पावलांवर असताना इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला एक माणूस भिंतीच्या सावलीतून पुढे आला. त्याच्या गळ्यात प्लास्टिकमध्ये मढवलेलं ओळखपत्र लटकत होतं. त्याने हसून विचारलं, "इंडिया?" आम्ही हो म्हणालो. "मुंबई? दिल्ली?" भाऊंनी मोठ्या उत्साहाने सांगितलं, "यवतमाळ!" त्याने मान अशी डोलावली, जणू यवतमाळ त्याच्या चांगल्या ओळखीचं होतं.

मग त्याने चेहरा गंभीर केला. राजवाडा आज बंद आहे, आत भिक्खूंचा विधी चालू आहे, एक वाजल्यानंतर उघडेल. तोवर उन्हात कशाला उभे राहता? आमच्या हातातल्या नकाशावर त्याने स्वतःच्या पेनाने तीन देवळांवर गोल केले आणि हात वर करून एक टुकटुक थांबवली. तिन्ही देवळं फिरवून परत इथे आणून सोडायचे वीस बाथ. म्हणजे पन्नास-साठ रुपयांच्या आत दोन तासांची सफर.

भाऊ म्हणाले, "पाय ना, किती चांगला मानूस हाय."

राजवाडा त्या दिवशी उघडा होता. तो जवळपास रोजच उघडा असतो, सकाळी साडेआठपासून दुपारी साडेतीनपर्यंत तिकिटं मिळतात. रोज उघडा असल्याची सूचना फाटकाजवळ ध्वनिक्षेपकावर दिली जाते आणि अनोळखी माणसांच्या बोलण्यात येऊ नका असे फलक लावलेले आहेत. पण ते सगळं फाटकापाशी. तो माणूस दोनशे पावलं अलीकडे उभा होता, आणि त्याच्या धंद्याची सगळी ताकद त्या दोनशे पावलांत होती.

पुढे काय झालं ते सविस्तर सांगतो, कारण या फसवणुकीची बांधणी समजली की जगभरातल्या निम्म्या फसवणुकी ओळखू येतात. पहिल्या देवळात चिटपाखरू नव्हतं. पायरीवर एक नीटनेटका गृहस्थ बसला होता. तो आपणहून काही विकत नव्हता. गप्पांच्या ओघात म्हणाला की मी सरकारी नोकर आहे, आज सुट्टी आहे म्हणून देवदर्शनाला आलो. आणि हो, सरकारी रत्नविक्रीचा आज शेवटचा दिवस आहे, परदेशी माणसांना करमाफी आहे, मीही मागच्या वर्षी घेतली होती. दुसऱ्या देवळाकडे जाताना टुकटुकवाल्याने तीच गोष्ट आपल्या मोडक्या इंग्रजीत सांगितली. तोवर राजवाड्याबाहेरच्या माणसानेही जाता जाता 'शेवटचा दिवस' म्हटल्याचं आम्हाला आठवलं. तीन माणसं, तीन ठिकाणं, एकमेकांशी काही संबंध नाही, आणि तिघांचं म्हणणं एक. अशा वेळी खरं मानण्याकडेच मन झुकतं.

पंचतंत्रातली ती गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली असते. खांद्यावर बोकड घेऊन निघालेला ब्राह्मण आणि वाटेत अंतराअंतराने भेटणारे तीन ठग. एकाने कुत्रा म्हटलं तर ब्राह्मण हसला, तिघांनी म्हटल्यावर त्याने बोकड खाली टाकला. बँकॉकच्या रत्नांच्या फसवणुकीत शब्दशः हेच घडतं. आपण साक्षीदार मोजतो, पण ते एकमेकांना ओळखतात का, हे तपासत नाही.

आता वीस बाथचा हिशेब. बँकॉकमध्ये साध्या मीटरच्या टॅक्सीत नुसतं बसायचे पस्तीस बाथ पडतात. मग दोन तास, तीन देवळं, वाटेतली गर्दी आणि इंधन धरून वीस बाथ कसे परवडतील? अनेक टुकटुकवाल्यांची गाडी स्वतःची नसते. ते ती रोजाच्या भाड्याने चालवतात. आपण ज्या दुकानांत 'फक्त दहा मिनिटं बघायला' जातो, ती दुकानं त्यांना गिऱ्हाईक आणल्याबद्दल इंधनाची कुपनं देतात. आपण काही घेतलं तर त्यावर दलाली वेगळी. ही दलाली अर्थातच आपल्याच वस्तूच्या किमतीत चढवलेली असते. भाडं स्वस्त असतं कारण त्या प्रवासात विकला जाणारा माल आपण असतो.

रत्नांच्या दुकानातून आम्ही रिकाम्या हाताने बाहेर पडलो. भाऊंच्या पाच-सहा एकरांच्या हिशेबात नीलम बसत नव्हता, एवढंच कारण. अडकलो ते शिंप्याकडे. काचेचं दार, थंडगार हवा. आत गेल्या गेल्या बाटलीबंद पाणी, मग चहा. एक तरुण भाऊंसमोर गुडघ्यावर बसला आणि त्याने त्यांच्या मांडीवर कापडाचा ठाण उलगडला. हात लावून बघा. घ्यायचं नाही, नुसता रंग सांगा. बरं, माप घेऊन ठेवतो, मापाला पैसे पडत नाहीत. खांदा मोजला, छाती मोजली, बाही मोजली. भाऊ मुकाट्याने हात पसरून उभे होते. शेवटी दोन शर्टांचे पैसे देऊन आम्ही बाहेर आलो. ते शर्ट त्यांनी गावी कधी घातले नाहीत.

मी रस्त्यावर आल्यावर जरा चिडूनच म्हणालो, "भाऊ, नको होतं तर नको म्हणायचं ना."

"मले नाई म्हनता येत नाई गा," ते म्हणाले. "त्यायनं पानी पाजलं."

या एका वाक्यात दलालीचं अर्धं शास्त्र आहे. आपल्याकडे पाणी पाजलेल्या माणसाला तोंडावर नकार देणं हा उर्मटपणा मानतात. मराठीत या अडचणीला फार नेमका शब्द आहे, भीड. 'भीड भिकेची बहीण' ही म्हणही जुन्या माणसांनी उगाच केलेली नाही. घरच्यांमध्ये, गावामध्ये ही भीड उपयोगी असते, तिच्यावर माणसं एकमेकांची वेळ निभावून नेतात. परक्या शहरातला दलाल तीच भीड उसनी घेतो आणि तिचं रोखीत रूपांतर करतो.

अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी हे मोजूनही पाहिलं आहे. जोनाथन फ्रीडमन आणि स्कॉट फ्रेझर यांनी 1966 मध्ये कॅलिफोर्नियातल्या घरमालकांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. 'गाडी जपून चालवा' असा मोठा, बेढब फलक तुमच्या अंगणात लावू द्या, असं थेट विचारलं तेव्हा साधारण 17 टक्के लोक तयार झाले. दुसऱ्या गटाला दोन आठवडे आधी त्याच आशयाची जेमतेम तीन इंचांची पाटी लावायला सांगितली होती. ती त्यांनी लावली होती. मोठ्या फलकाला त्यांच्यापैकी 76 टक्के लोकांनी होकार दिला. पहिला लहान 'हो' पुढच्या मोठ्या 'हो'ची वाट करून देतो. भाऊंचा पहिला 'हो' कापडाला नव्हता. तो सकाळी भिंतीपाशी, 'इंडिया?' या प्रश्नाला दिलेला होता.

त्या रात्री गेस्टहाऊसच्या जिन्यावर बसलो असताना भाऊ बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आपन कापूस घेऊन जातो ना, तवा मार्केटच्या फाटकाबाहेर कोन उभं ऱ्हायते? खासगीवाला. तो का म्हनते? आत काटा बंद हाय, भाव पडला, दोन दिवस गाडी उभी ऱ्हाईन, इथंच दे. मी त्याचं आयकतो का? मी म्हनतो, सरक बाजूले, आत जाऊन पायतो. मंग आज काऊन आयकलं?"

मला वाटतं, या प्रश्नाचं उत्तर शोधण्यासारखं आहे. बँकॉकला गेलेल्या यवतमाळच्या माणसाला दलाल नवीन नसतो. उलट दलालाशी व्यवहार करण्याचा जेवढा पिढीजात अनुभव वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला आहे, तेवढा फार थोड्यांना असेल. इथे कापसाचा भाव एके काळी रुमालाखाली बोटं दाबून ठरायचा. दलाल आणि व्यापाऱ्याची बोटं रुमालाआड बोलायची आणि ज्याचा माल होता तो शेतकरी शेजारी उभा राहून रुमालाकडे बघायचा. वजनात तूट, नाना नावांनी पैशांत कपात, ही त्या व्यवहाराची नेहमीची अंगं होती. हा कारभार नियमात बसवण्याची देशातली पहिली धडपड वऱ्हाडातच झाली. हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशाने 1886 मध्ये कारंजा इथे नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला. पुढे 1897 मध्ये वऱ्हाडचा कापूस आणि धान्य बाजारांचा कायदा आला. इंग्रजांना मँचेस्टरच्या गिरण्यांसाठी शुद्ध कापूस वाजवी भावात हवा होता, हा त्यामागचा मोठा हेतू. पण त्यातून काही गोष्टी कायमच्या बदलल्या. बाजाराची जागा ठरली, बाजार समिती आली, दलाली किती घ्यायची ते ठरलं. पुढे महाराष्ट्राच्या 1963 च्या बाजार समिती कायद्यापर्यंत ही वाट येते. आज आवारात हर्रास उघड्यावर होतो, बोली सगळ्यांना ऐकू जाते. लबाडी संपली असं कोणी म्हणणार नाही, पण रुमाल निघाला.

आता कारंजा वाशीम जिल्ह्यात मोडतं, पण यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणाऱ्या शकुंतला या अरुंद रुळाच्या गाडीवरचं ते स्टेशन होतं, आणि आमच्या आजोबांच्या पिढीला त्या बाजाराच्या गोष्टी तोंडपाठ होत्या.

म्हणजे भाऊंना रुमाल ओळखता येत होता. पण ओळखीच्या बाजारात माणसाकडे ज्या गोष्टी असतात, त्या परक्या शहरात एकदम निघून जातात. अमेरिकी मानवशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी मोरोक्कोमधल्या सेफ्रू या गावाच्या बाजाराचा अभ्यास करून 1978 मध्ये एक लेख लिहिला. बाजारात सगळ्यांत दुर्मीळ गोष्ट असते ती माहिती, असं त्यांचं म्हणणं. कुठला माल खरा, कुठला भाव रास्त, हे कोणालाच पुरतं ठाऊक नसतं. म्हणून गिऱ्हाईक एकाच दुकानाशी संबंध जोडतं, वर्षानुवर्षं तिथेच जातं. तोच त्याचा विमा. आपल्याकडे बियाणं-खताचं ठरलेलं दुकान असतं, वहीत खातं असतं, तसंच हे. दुकानदाराने एकदा फसवलं तर पुढच्या हंगामात आपण समोरच्याकडे जाऊ, हे दोघांनाही माहीत असतं.

राजवाड्याबाहेरचा माणूस आपल्याला पुन्हा कधीच भेटणार नसतो. त्याच्या धंद्यात पुढचा हंगाम नाही. आपण नाराज झालो तरी त्याचं काही बिघडत नाही, कारण उद्या नवं विमान उतरतं. म्हणूनच असे लोक नेहमी तीन-चार जागीच दिसतात: विमानतळ, मोठं रेल्वे स्टेशन, सर्वांत प्रसिद्ध इमारत, आणि या तिन्हींच्या मधला रस्ता. जिथे माणूस नवा, दमलेला आणि घाईत असतो तिथे. गल्लीतल्या भातवाल्या बाईकडे आम्ही आठवडाभर जेवलो. तिने पहिल्या दिवशी जो भाव सांगितला तोच शेवटच्या दिवशी घेतला. तिचं गिऱ्हाईक रोजचं होतं.

हे फक्त बँकॉकचं नाही. कैरोजवळच्या गिझाला उंटावर चढायचा भाव एक असतो आणि वर बसल्यावर खाली उतरायचा दुसरा निघतो. इस्तंबूलमध्ये बूटपॉलिशवाला पुढे चालताना त्याचा ब्रश पडतो, आपण चांगुलपणाने उचलून देतो, आणि तो कृतज्ञतेने आपले बूट पुसायला बसतो. मग पैसे मागतो. नवी दिल्ली स्टेशनवर परदेशी प्रवाशांना अगदी आमच्यासारखंच सांगतात की परदेशी पर्यटकांचं तिकीटघर बंद झालं आहे किंवा दुसरीकडे हलवलं आहे, आणि त्यांना बाहेरच्या खासगी कचेरीत नेतात. प्रत्यक्षात ते स्टेशनच्या इमारतीतच असतं. दिल्लीत जर्मन माणूस फसतो, बँकॉकमध्ये नेरचा शेतकरी. यात अक्कल कमी-जास्त असण्याचा प्रश्नच नाही.

आणि तो पहिला प्रश्न, 'कुठले?', तर आपल्याला फार जवळचा आहे. एसटीत शेजारी बसलेल्या माणसाला 'कोनतं गाव?' विचारलं नाही तर आपल्याकडे तो माणूस घुम्या ठरतो. काशी-गयेला गेलेल्या आपल्या आजी-आजोबांना स्टेशनवरच पंड्यांची माणसं हाच प्रश्न विचारायची. गाव आणि जिल्हा सांगितला की त्या भागाचा पंडा कोण हे ठरायचं, आणि त्याच्या वहीत खरोखर पणजोबांचं नाव निघायचं. तिथे त्या प्रश्नामागे निदान एक वही होती. पर्यटकांच्या रस्त्यावर त्या प्रश्नाचा उपयोग एवढाच की आपले पाय थांबतात. पाय थांबले की बाकीचं आपोआप होतं.

म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही पाय थांबवले नाहीत. सगळ्या उपायांत मला हाच सर्वांत उपयोगी वाटतो. रागावायचं नाही, वाद घालायचा नाही, कारण वाद हेही संभाषणच असतं आणि त्याला संभाषणच हवं असतं. चाल तीच ठेवायची, हलकं हसायचं, छातीपाशी तळहात दाखवायचा आणि एकदाच नकार द्यायचा. तो स्थानिक भाषेत दिला तर जास्त लागू पडतो, कारण आपण आजच उतरलेलो नाही असं त्यातून दिसतं. थाईमध्ये 'माय आओ' म्हणजे नको. पुरुषाने पुढे 'क्रप' आणि बाईने 'खा' जोडलं की ते सभ्य होतं. अरबी बोलणाऱ्या शहरांत 'ला, शुक्रन' चालतं. कारण सांगायचं नाही. 'वेळ नाही' म्हटलं की तो म्हणतो पाच मिनिटंच, 'पैसे नाहीत' म्हटलं की तो म्हणतो कार्ड चालेल. कारणाला तोड असते, नुसत्या नकाराला नसते. एकट्या प्रवास करणाऱ्या मुलींना तर मी म्हणेन की हसण्याचंही बंधन मानू नका. रस्त्यातल्या परक्या पुरुषाच्या प्रश्नाला उत्तर देणं तुम्ही कोणाला लागत नाही.

दुसरं भाऊंचंच: आत जाऊन पाहायचं. बंद आहे, भरलं आहे, जळालं आहे, आज सण आहे, असं जे काही बाहेर ऐकू येईल ते तिकिटाच्या खिडकीवर जाऊन विचारायचं. यात एक बारकावा लक्षात ठेवावा. फाटकाबाहेरचा माणूस सगळंच खोटं सांगत नाही. अर्ध्या चड्डीवर राजवाड्यात सोडत नाहीत हे त्याचं म्हणणं खरं असतं, आणि त्या खऱ्यावरच तो खोटं बांधतो.

तिसरं, भाव आधी आणि सामान नंतर. सॅक एकदा टुकटुकच्या मागच्या सीटवर गेली की घासाघीस करायची आपली ताकद तिच्यासोबत गेली. मीटरची टॅक्सी असेल तर मीटर पडल्याशिवाय दार लावायचं नाही. भाडं आधीच दाखवणारी ॲप बँकॉकमध्ये चालतात. प्रत्यक्ष ती गाडी घेतली नाही तरी त्यातला आकडा बघून रास्त भाव काय असतो हे कळतं. शक्यतो नव्या शहरात दिवसाउजेडी उतरावं आणि पहिल्या रात्रीची खोली घरूनच ठरवून जावी. रात्री दमलेला माणूस कोणाचंही ऐकतो. बँकॉकच्या मुख्य विमानतळावरून शहरात 2010 पासून रेल्वे आहे. तिच्या खिडकीवर कोणी भाव करत नाही. आणि इतकं करूनही गाडी भलत्याच दुकानापुढे उभी राहिली, तर खाली उतरून ठरलेले पैसे हातावर ठेवावेत आणि चालू लागावं. प्रकरण वाढलं तर थायलंडमध्ये पर्यटक पोलिसांचा क्रमांक 1155 आहे. नुसता तो फोनवर लावताना दिसलात तरी बोलण्याचा सूर पुष्कळदा बदलतो.

त्या टुकटुकवाल्याबद्दलही दोन शब्द लिहिले पाहिजेत. बँकॉकमधले पुष्कळ चालक ईसानचे, म्हणजे देशाच्या ईशान्य भागातले असतात. तिथली भातशेती बहुतांशी पावसावर. पीक गेलं की माणसं राजधानीची गाडी धरतात. हे मी भाऊंना सांगितलं तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो तिथे पाऊस किती पडतो हा. आमच्या झरी, घाटंजीकडची पोरं पुण्याला जातात, तसंच ते. त्याची कुपनं बुडली तर मला वाईट वाटणार नाही, पण त्याला चोर म्हणायलाही माझी जीभ रेटत नाही. टुकटुकवाल्याला भाडं सांगितलं, पटलं, आणि तो फक्त त्याच भाड्याने घेऊन गेला, अशा दोन फेऱ्या आम्ही पुढे त्याच शहरात केल्या. त्या दोन्ही वेळी चालक आम्ही निवडला होता, त्याने आम्हाला नाही.

चौथ्या दिवसापर्यंत भाऊ तयार झाले होते. जरा जास्तच. थाचांगच्या धक्क्यावर आम्ही बोटीची वाट बघत होतो. नदीचं पाणी मातकट, जलपर्णीचे पुंजके वाहत होते. भाजलेल्या केळ्यांचा वास येत होता. साठीपुढची एक बाई गर्दीतून आमच्याकडे येत भाऊंच्या पाठीकडे बोट दाखवून काहीतरी बोलू लागली. भाऊंनी तिच्याकडे पाहिलंच नाही. तळहात दाखवला आणि ठणकावून म्हणाले, "माय आओ क्रप." ती थांबली, पुन्हा बोट दाखवलं. "माय आओ!" ती मागे सरली.

मी वळून पाहिलं. भाऊंच्या सॅकची वरची चेन पूर्ण उघडी होती, आणि पासपोर्टची पिशवी अर्धी बाहेर लोंबत होती.

मी चेन लावली. भाऊंच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. बोट धक्क्याला लागत होती, लोक पुढे सरकत होते, पण ते उलट्या दिशेने गर्दीत घुसले. ती बाई केळ्यांच्या गाडीपाशी उभी होती. भाऊ तिच्यापुढे उभे राहिले आणि त्यांनी पंढरपूरला जोडावेत तसे दोन्ही हात जोडले. थाई माणसंही हात जोडूनच नमस्कार करतात. तिने हातातली पिशवी मनगटावर सरकवली, हात जोडले आणि हसली. मग एकदम बोटीकडे बोट दाखवून घाईघाईने काहीतरी ओरडली.

या वेळी भाऊंनी ऐकलं. आम्ही धावत सुटलो आणि सुटता सुटता बोट पकडली. तिकीटवाली हातातली पत्र्याची लांब डबी खुळखुळवत माणसामाणसातून येत होती. तिने सगळ्यांकडून सारखेच पैसे घेतले, आमच्याकडूनही तेवढेच, आणि डबीतून दोन तिकिटं फाडून दिली. भाऊंनी आपलं तिकीट घडी करून खिशात ठेवलं आणि धक्का दिसेनासा होईपर्यंत ते मागेच बघत राहिले.